वसईच्या किल्ल्यातली आठम



विरारला येऊन मला अडतीस वर्षं झाली, पण दोन स्टेशनं पलीकडचा वसईचा किल्ला पाहिला तो आत्ता डिसेंबरात. आमच्या महिला मंडळाने गाइड घेऊन एका दिवसाची सहल ठरवली. नेमकी आठम आली म्हणून थोडी कुरकुर झाली. शेवटी लीलोतरी नको म्हणून मेथीशिवायचे थेपले, खाखरे, सुकी मुगाची डाळ आणि उकाळलेल्या पाण्याचे दोन कॅन घेऊन अठरा जणी मिनीबसने निघालो. "पडक्या भिंती बघायला एवढा खटाटोप!" असं आमच्या घरून ऐकवून झालंच.

मला ओढ होती ती वेगळ्याच कारणाने. माझं माहेर नाशिकचं. गोदेकाठच्या नारोशंकराच्या देवळावरची ती मोठी घंटा लहानपणापासून पाहिलेली. पूर आला की पाणी घंटेपर्यंत पोचलं का, एवढीच चौकशी. ती घंटा वसईच्या विजयानंतर इथून तिकडे गेलेली. माहेरची वस्तू सासरच्या गावची निघाली म्हणायची!

गाइड वसईचाच, कॉलेजात शिकणारा मुलगा. सगळ्यांना 'मावशी' म्हणत होता. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं या तटाच्या आत नुसती फौज नव्हती, अख्खं शहर नांदत होतं, हे त्याने छान समजावलं. चर्च, मठ, कॉलेज, दवाखाना, बाजार. आता ताडाची झाडं आणि छप्पर नसलेल्या भिंती. बंदराकडच्या दरवाजाशी सुकत्या मासळीचा वास आला, तेव्हा आम्ही पदर नाकाला लावून पटापट पुढे झालो. तिथल्या कोळणी आमच्याकडे बघून हसत होत्या, ते बरोबरच होतं.

त्या दरवाजापाशी त्याने शरणागतीची गोष्ट सांगितली. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने बुरुजाखाली सुरुंग लावून तट फोडला. दोन्हीकडची हजारो माणसं गेली. मे महिन्यात पोर्तुगीजांनी तहाच्या अटी मान्य केल्या. त्या अटी मी दोनदा विचारून घेतल्या, कारण बी.कॉम.ला मर्कंटाइल लॉ हा माझा आवडता विषय होता. हरलेल्यांना आठ दिवसांची मुदत दिली, शस्त्रं आणि सामान घेऊन, ढोल वाजवत, निशाण फडकवत बाहेर पडू दिलं. एवढी माणसं गमावूनही हे लिहून दिलं आणि पाळलं!

पुढे फ्रान्सिस्कन लोकांच्या चर्चमध्ये गेलो. जमिनीत कबरींचे कोरीव दगड आहेत. पाय कुठे ठेवावा कळेना. वळून बघते तर माझ्या मोठ्या जाऊबाई भिंतीला टेकून बसलेल्या. चेहरा घामाने डबडबलेला, हात थरथरत होते. वेळ साडेअकराची. त्यांना साखर आहे हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की सकाळी कुणालाही न सांगता त्यांनी एकासण्याचं पच्चक्खाण घेतलं होतं आणि इन्सुलिन मात्र सवयीने रोजच्याएवढं टोचून घेतलं होतं. इंजेक्शन तोंडातून जात नाही ना!

मी पर्समधली खडीसाखर काढली. त्यांनी ओठ घट्ट मिटले. "एकासणं आहे. जेवायला बसेपर्यंत काही नाही."

मैत्रिणींनो, भाभींसमोर मी आजवर कधी आवाज चढवलेला नाही. घरात तिथी कोणती, कंद कधीपासून बंद, पर्युषणात काय शिजेल, सगळं त्या ठरवतात. पण त्या क्षणी मी जवळजवळ ओरडलेच, "भाभी, सव्वसमाहिवत्तियागारेणं!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पन्नास वर्षं हा शब्द त्यांच्या तोंडी आहे. एकासण्याला आठ आगार आहेत. आजारात समाधी टिकावी म्हणून औषधाची सवलत हा त्यातलाच एक. पाय आखडला तर लांब करायची सूटसुद्धा त्यात वेगळी लिहिली आहे. नियम करणाऱ्यांनी आपल्या शरीराचा एवढा विचार केला आणि आपण तेवढाच भाग भरभर म्हणून टाकतो. मी म्हटलं, "तुम्ही घेतलेल्या पच्चक्खाणातच हे आहे, मी पदरचं काही सांगत नाही."

त्यांनी तोंड उघडलं. दोन खडे, मग आणखी तीन. गाइड धावत जाऊन बसमधून पाण्याचा कॅन घेऊन आला आणि पंधरा मिनिटं सगळ्या जणी त्या कबरींच्या कडेने गप्प बसून राहिल्या. चिमाजी आप्पांचं स्मारक आम्ही बसमधूनच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी भाभींनी उपाश्रयात साध्वीजींपुढे आलोचना घेतली. साध्वीजींनी आधी विचारलं, "डॉक्टरांना विचारून एकासणं केलं होतं का?" भाभी गप्प. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तप करायचं नाही, असं त्यांनी बजावलं. भाभींना मात्र खडीसाखर खाल्ल्यापेक्षा याचंच जास्त लागलं.

भाभींची तपाची एक वही आहे, १९७८ पासूनची. परवा चाळायला मिळाली. त्या आठमच्या ओळीत एकासण्याची खूण नाही आणि ओळ कोरीही नाही. पेन्सिलीने लिहिलंय, 'वसई'.