शेवटची शीळ

परवा लिफ्टमध्ये कुरिअरवाला पोरगा शीळ घालत होता. चाल कुठल्याशा नव्या सिनेमातली, पण मला एकदम दाढीच्या साबणाचा वास आला.

मामा मालवाहू जहाजावर होता. सुट्टीवर साताऱ्याला आला की खिडकीच्या गजाला आरसा अडकवून दाढी करायचा आणि ओटिस रेडिंगच्या ‘डॉक ऑफ द बे’च्या शेवटची शीळ घालायचा. शब्द एकही येत नव्हता. वरच्या ओठावर ब्लेड आलं की शीळ तुटायची, ते हनुवटीवर उतरलं की तुटली तिथूनच पुढे. आतून आजी ओरडायची, “मुडद्या, साप बोलावतोस का घरात!”

ओटिस जॉर्जियातला. हे गाणं त्याला सुचलं थेट पलीकडच्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसालितोच्या हाऊसबोटीवर. पुरं झालं मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत, गिटारवादक स्टीव्ह क्रॉपरच्या साथीनं. शेवटी म्हणे काहीतरी बोलायचं ठरलं होतं, ते आयत्या वेळी आठवेना, म्हणून शीळ. खरंखोटं देव जाणे. १० डिसेंबर १९६७ला विस्कॉन्सिनमधल्या मोनोना तळ्यात त्याचं विमान कोसळलं. वय २६. क्रॉपरनं मागाहून लाटांचे, समुद्रपक्ष्यांचे आवाज मिसळले, आणि मार्च १९६८मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. गायकाच्या पश्चात तिथवर पोचलेलं तिथलं हे पहिलंच.

मला मात्र हल्ली ओटिसपेक्षा बेन कॉली आठवतो. साथीच्या ‘बार-केज’मधला ट्रम्पेटवाला, विशीचा पोरगा. त्या विमानातून वाचलेला एकटाच. पोहता येत नव्हतं. खुर्चीची गादी छातीशी धरून गोठत्या पाण्यात तरंगत राहिला. आजूबाजूला सोबत्यांच्या हाका येत होत्या आणि एकेक थांबत होती. पुढे त्यानं दुसऱ्या विमानानं गेलेल्या जेम्स अलेक्झांडरबरोबर बँड पुन्हा उभा केला. ज्या फुप्फुसांनी तो गारठा सोसला, त्यांनीच ट्रम्पेट फुंकायचा! हे कसं जमलं असेल, ते मामाला विचारायला हवं होतं. आयुष्य बोटीवर गेलं, पण पोहणं त्यालाही कधी आलं नाही.

आणि आमचे रेडिओवाले! ती शीळ सुरू झाली रे झाली की गाण्याचा आवाज खाली, निवेदकाची बडबड वर. जणू गाणं संपलं, आता उरलंय ते पाकिटावरचं तिकीट. अहो, काही सेकंदांचा तर प्रश्न आहे. हे गाणं लावाल तेव्हा तेवढी शीळ पुरी वाजू द्या. फ्लॅटच्या जाहिराती थांबतील.