लंडनमधली अर्धी सकाळ

लंडन म्हटले की राजवाडा, टॉवर ब्रिज आणि मेणाचे पुतळे ही यादी ठरलेलीच. ठिकाणे चांगलीच आहेत, नाही कशाला म्हणू? पण हातात एकच सकाळ उरली असेल आणि दुपारी विमान असेल, तर मैत्रिणींनो, पुतळ्यांच्या तिकिटाचे पैसे वाचवा आणि चॉक फार्म स्टेशनला उतरा. आमच्याकडे यावरून बरीच वादावादी झाली. "इतक्या लांब येऊन लोकांची घरं काय बघायची?" असे ह्यांचे म्हणणे. शेवटी हे बॅगा भरायला थांबले, आणि तिथेच वाढलेल्या माझ्या पुतणीला घेऊन मी निघाले.

भुयारी रेल्वेच्या नकाशावरची काळी रेघ म्हणजे नॉर्दर्न लाइन. तिची एजवेअरकडे जाणारी गाडी धरायची. स्टेशनातून बाहेर आले, रुळांवरचा पूल ओलांडला, की थोडे चालून 10, किंग हेन्रीज रोड. शेजारच्या घरांसारखेच एक घर; भिंतीवर पाटी आहे म्हणून कळायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये इथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने हे घर 2015 साली विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात स्मारक म्हणून त्याचे उद्घाटन झाले. राहत्या वस्तीत संग्रहालय कसले, म्हणून तिथल्या नगरपालिकेने परवानगी नाकारली होती. ती 2020 साली मिळाली.

आत फोटो, पुस्तके, पलंग. दिपून जावे असे काही नाही, आणि तेच मला आवडले. सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीची शिल्लक आणि शाहू महाराजांची मदत यांवर ते इथे शिकत होते. जेवणाची आबाळ इतकी, की रात्री भूक अनावर झाली म्हणजे ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दुधाबरोबर खायचे, असे धनंजय कीरांनी चरित्रात लिहिले आहे. पापड लाटणाऱ्या आपल्यासारखीला हे वाचून घास उतरत नाही.

आणि त्याच वेळी मुंबईत रमाबाई! नवरा परदेशात, हातात पैसा नाही, घरात माणसे. त्यांच्या पाच मुलांपैकी एकटा यशवंत जगला. बाबासाहेबांनी पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हे पुस्तक त्यांच्या स्मृतीला अर्पण केले. लंडनच्या पदव्यांच्या हिशेबात ही बाजू कोण धरतो?

एका फोटोपुढे पुतणीने विचारले, "काकू, या कधी आल्या होत्या का इथं?"

म्हटले, "इथं कुठल्या गं! त्यांना पंढरपूरला जायचं होतं."

आमचे नातेपुते म्हणजे ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्काम. आषाढात दारात वारकरी उतरतात. चहा, भाकरी, पिठलं, पाय शेकायला गरम पाणी, यात रात्र कशी सरते कळत नाही. पंढरपूर आम्हाला शेजारच्यासारखे. म्हणून तिला ते नीट सांगावेसे वाटले. विठ्ठलाच्या दर्शनाची रमाबाईंना फार ओढ होती, पण अस्पृश्य म्हणून देवळात प्रवेश नव्हता. ज्या पंढरपुरात भक्ताला मूर्तीही पाहू देत नाहीत तिथे कशाला, आपण आपल्या कामातून दुसरे पंढरपूर उभे करू, अशी बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली.

"मग?"

"मग काय! 27 मे 1935 ला त्या गेल्या. देऊळ सर्वांना उघडलं 1947 साली, साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा."

पोरगी बराच वेळ बोलली नाही. इतकी वर्षे ती याच शहरात राहतेय, पण या रस्त्याला कधी आली नव्हती.

तिथून प्रिमरोझ हिल जवळच. नाव मोठे, पण आहे हिरवळीची टेकडीच; चढताना दम लागत नाही. माथ्यावरून अख्खे लंडन दिसते, आणि तेही फुकट. घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगांची चटणी आम्ही तिथल्या बाकावर बसून खाल्ली. चटणी कागदात दोनदा गुंडाळून न्या, नाहीतर पर्समध्ये तेल उतरते. खाताना पुतणीने विचारले, येत्या आषाढात नातेपुत्याला आले तर चालेल का? तिच्या आईला मी तिथूनच फोन लावला.