कालीघाटचे ते घर

प्रवासाला गेलेला मनुष्य परत आला की देवळे, नद्या आणि बाजार यांच्या गोष्टी सांगतो. आम्ही आज कोलकात्याच्या एका घरात, एका खाटेशेजारी काढलेल्या तासाभराची हकीगत सांगणार आहोत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही लोंढ्याला वास्कोहून येणाऱ्या अमरावती एक्सप्रेसमध्ये बसलो. हुबळी, गुंटकल, विजयवाडा अशी स्थानके मागे टाकीत, पुढे समुद्र उजव्या हाताला ठेवीत ही गाडी हावड्यास जाते. जवळजवळ दोन दिवसांचा तो प्रवास. हुगळी ओलांडून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कालीघाटला गेलो. कालीमातेच्या देवळाकडे जाणारी गल्ली जास्वंदीच्या माळा, पेढे आणि शंखाच्या बांगड्या यांच्या दुकानांनी गजबजलेली असते. त्या गर्दीतच, देवळाच्या अगदी शेजारी, 'निर्मल हृदय' हे घर आहे.

मूळची ही यात्रेकरूंची धर्मशाळा. रस्त्यावर बेवारस पडलेल्या मरणोन्मुख माणसांना टेकायला जागा हवी, म्हणून मदर तेरेसांनी महापालिकेकडे मागणी केली आणि २२ ऑगस्ट १९५२ रोजी हे घर सुरू झाले. प्रारंभी पुष्कळांनी विरोध केला. या बाया लोकांना बाटविणार, अशी शंका होती. पुढे त्याच देवळातील एका क्षयग्रस्त पुजाऱ्याची येथील सिस्टरांनी शेवटपर्यंत शुश्रूषा केली आणि विरोध निवळला, असे मदरांचे चरित्रकार लिहितात. येथे हिंदूच्या ओठांना गंगाजल लावीत, मुसलमानासाठी कुराणाचे पठण होई आणि कॅथलिकाला अंत्यविधीचे तैल मिळे. प्रत्येकाने आपापल्या श्रद्धेने जावे, हा येथील रिवाज.

एका सिस्टरने आम्हास पुरुषांच्या दालनात नेले. बुटक्या खाटांच्या रांगा होत्या. एका वृद्धाकडे बोट दाखवून ती हिंदीत म्हणाली, "फादर, यांच्याजवळ थोडे बसा."

"पण आम्हास बंगाली येत नाही. बोलणार काय?"

"बोलू नका. बसा," एवढे सांगून ती कामाला निघून गेली.

आम्ही बसलो. वीस वर्षे ज्या जिभेवर आमचा चरितार्थ चालला, ती तेथे निरुपयोगी होती. वृद्धाने आमचा हात धरला आणि तो काही सांगू लागला. मध्येच रडला, मध्येच रागावला. तो कोणाला दोष देत होता, की स्वतःच्या अपराधाची कबुली देत होता, हे आम्हास कळले नाही. कळले असते, तर आम्ही खचित उपदेश केला असता. कळत नसल्यामुळे केवळ ऐकत राहिलो. मधूनमधून चमच्याने पाणी पाजले. तासाभराने त्याचा आवाज मंदावला आणि आमचा हात न सोडताच त्याला झोप लागली.

त्या स्तब्धतेत आम्हास आमच्या गावातील एक घर आठवले. तेथील तरुण मुलाने वर्षापूर्वी स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले होते. अंत्यविधी आम्हीच केला. नंतर सांत्वनासाठी त्या घरी गेलो आणि त्याच्या आईला विचारले, "तुमच्या लक्षात कसे आले नाही?" हेतू वाईट नव्हता, पण त्या माउलीने आमच्याकडे जे पाहिले, ते आम्ही विसरू शकलो नाही. तेव्हापासून ती मिस्सेला येईनाशी झाली होती.

ईयोबाचे तीन मित्र त्याच्या भेटीस आले, तेव्हा सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले. तोवर ते मित्र होते. तोंड उघडून त्याच्या पापाचा शोध घेऊ लागले, तेव्हा ते न्यायाधीश झाले. सेमिनरीत हा ग्रंथ आम्ही अभ्यासला होता. त्याचा अर्थ कालीघाटच्या त्या खाटेशेजारी उमगला.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या घरात वेदना शमविण्याची औषधे अपुरी आहेत, अशी टीका १९९४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात झाली होती. जवळ बसणे म्हणजे औषध नव्हे. ज्याला डॉक्टर हवा, त्याला डॉक्टरकडेच नेले पाहिजे. ज्याच्या तोंडी मरणाची भाषा येते, त्याला तर एकटे सोडताच कामा नये. परंतु डॉक्टर येऊन गेल्यानंतरही रात्र उरते, आणि त्या रात्री कोणीतरी जवळ लागते.

गावी परतल्यावर आम्ही त्या घरी गेलो. ती माउली ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. आम्ही एवढेच म्हणालो, "त्या दिवशी आम्ही चुकलो." मग खाली बसलो आणि सुपातल्या शेंगा घेऊन सोलू लागलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. सूप निम्मे झाले, तेव्हा ती म्हणाली, "फादर, त्या दिवशी तो पोटभर जेवला होता. आणखी भात मागून घेतला त्याने." आणि ती रडू लागली. आम्ही शेंगा बाजूला ठेवल्या आणि ऐकत राहिलो.

वाचकहो, आपल्या गावातही अशी घरे आहेत. कोणाचा संसार मोडला, कोणाचा मुलगा दारूत बुडाला, कोणाच्या दारी मृत्यू नको त्या वाटेने आला. तेथे जाताना डबाभर पेज न्या, पाण्याची घागर भरून द्या. "का" आणि "कसे" हे प्रश्न मात्र उंबऱ्याबाहेर ठेवा. गेलेल्याचे नाव त्यांनी काढले, तर तेही प्रेमाने घ्या. आणि शब्द सुचत नाहीत म्हणून जाणे टाळू नका.

पुढच्या रविवारी ती माउली मिस्सेला आली की नाही, हे आम्ही पाहिले नाही. संध्याकाळी पुन्हा तिच्या ओट्यावर मात्र गेलो.