घरांतलें नाट्यगृह

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं ‘होम थिएटर’ आलें. तीन भावांचीं बिऱ्हाडें एकाच छपराखालीं नांदणाऱ्या आमच्या घरांत नवी वस्तु आली कीं ती कोठें ठेवावयाची यावर आधीं एक परिषद भरते. या वेळीं परिषदेपुढें पांच स्पीकर आणि खर्जाचा एक जाडा ठोकळा, इतका ऐवज होता. वहिनींचें मत पडलें कीं दिवाणखान्याची शोभा बिघडतां कामा नये. धाकट्या बंधूंचें, तारा दिसतां कामा नयेत. आणि मुलांचें, आवाज मोठा हवा. ऐकावयाचें कोणीं व कोठें बसून, हा प्रश्न मात्र कोणाच्याच मनांत आला नाहीं. आमच्याहि नाहीं, हें प्रारंभींच कबूल करतों.

दुकानाकडून आलेल्या कारागिरानें तासाभरांत काम उरकलें. पुढचे दोन स्पीकर छताजवळच्या कोपऱ्यांत, मागचे दोन जेथें खिळा सहज ठोकतां आला तेथें, मधला स्पीकर दूरदर्शनसंचाखालच्या खणांत अगदीं आंत सरकवून, आणि खर्जाचा ठोकळा मागच्या कोपऱ्यांत, आप्पांच्या आरामखुर्चीशेजारीं. पहिल्याच रात्रीं चित्रपटांतले ढग गडगडले तेव्हां फडताळांतलीं भांडीं वाजलीं आणि मुलांनीं टाळ्या पिटल्या.

आप्पा म्हणजे आमचे वडील. वय वर्षें ८४. पहिले दोन दिवस ते येऊन बसले. तिसऱ्या दिवशीं अर्ध्यांतच उठून आपल्या खोलींत गेले. पुढें येईनासेच झाले. “मला आतां त्यांत गोडी वाटत नाहीं, तुम्ही पाहा,” एवढेंच म्हणाले. आम्हीं तें खरें मानलें. वृद्धापकाळीं माणूस विरक्त होतो, असा एक सोयीचा समज आपण सर्वांनींच करून घेतलेला असतो.

संक्रांतीच्या सुमारास एके दुपारीं आम्ही एकटेच आप्पांच्या खुर्चींत बसून बातम्या ऐकत होतों. आवाज पुष्कळ होता, पण शब्द कळत नव्हते. नुसता घुमारा, आणि त्यांत बुडालेलें कोणाचें तरी बोलणें! आमचे कान अद्याप शाबूत आहेत. आमची ही स्थिति, तर आप्पांना काय होत असेल? आप्पांची गोडी गेलेली नव्हती. त्यांना संवादच समजत नव्हते, आणि तें चारचौघांत सांगणें त्यांना कमीपणाचें वाटलें असावें.

मग आम्हीं या विषयाचें थोडें वाचन केलें. वयोमानानें कान मंदावतो तो प्रथम उंच स्वरांस. स, श, त, थ हीं व्यंजनें मुख्यतः उंच स्वरांवरच ओळखूं येतात. तीं गळालीं म्हणजे आवाज ऐकूं येतो, पण शब्द उमगत नाहीं. आतां चित्रपटांतील संवाद बहुतांशीं मधल्या स्पीकरांतून येतात, आणि उंच स्वर दिव्याच्या झोताप्रमाणें समोर जातात, बाजूस फारसे पसरत नाहींत. आमचा मधला स्पीकर तर खणांत दडून पाहणाऱ्यांच्या गुडघ्यांशीं बोलत होता! खर्ज मात्र सर्वत्र पसरतो. सेकंदास ४० कंपनांच्या स्वराची लाट साडेआठ मीटर लांब असते. भिंतीशीं व कोपऱ्यांत हा खर्ज अधिकच फुगतो आणि संवाद झांकून टाकतो. आप्पांची खुर्ची नेमकी मागच्या भिंतीस टेकलेली. म्हणजे हवा तो संवाद त्यांना पोंचत नव्हता, आणि नको तो खर्ज सर्वांत अधिक त्यांच्याच वांट्यास येत होता.

पुढच्या रविवारीं आम्ही मोजपट्टी, कोनमापक व पुतण्या यांना घेऊन कामास लागलों. प्रथम खुर्ची भिंतीपासून तीन फूट पुढें आणली आणि तीच मध्य मानून मोजणी केली. पुढचे दोन स्पीकर खालीं उतरवून, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, मध्यरेषेपासून दोहों बाजूंस सुमारें ३० अंशांवर ठेवले. मागचे दोन सुमारें ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित् मागें, व कानांहून दोन फूट उंच टांगले. मधला स्पीकर खणाच्या कडेपर्यंत ओढून, खालीं रबराचे तुकडे देऊन, त्याचें तोंड आप्पांच्या मुखाकडे वळविलें. खर्जाच्या ठोकळ्याची युक्ति मौजेची आहे. तो ऐकणाऱ्याच्या जागीं ठेवावा, खर्ज भरपूर असलेलें एखादें गाणें लावावें, आणि आपण भिंतीच्या कडेकडेनें रांगत फिरावें. जेथें खर्ज स्वच्छ व सारखा लागेल ती ठोकळ्याची जागा. पन्नाशी उलटलेल्या आम्हांस दिवाणखान्यांत रांगतांना पाहून वहिनींना हंसूं आवरेना.

भिंतीचें कामहि आम्हीं या वेळीं समजून केलें. स्विचबोर्डाच्या सरळ वर वा खालीं छिद्र पाडूं नये. आंतून विजेची तार गेलेली असण्याचा संभव असतो. केवळ गिलाव्यांत ठोकलेला खिळा स्पीकरचा भार फार दिवस पेलीत नाहीं. गिलावा ओलांडून विटेंत छिद्र न्यावें, त्यांत प्लॅस्टिकची गिट्टी बसवावी व मग स्क्रू पिळावा. शेवटीं प्रत्येक स्पीकरचें खुर्चीपासूनचें अंतर यंत्रास सांगावें. ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर चालतो. तेव्हां जवळच्या स्पीकरास यंत्र निमिषभर थांबवितें, आणि सर्वांचे आवाज कानीं एकदम येतात.

त्या रात्रीं आप्पांना आग्रहानें आणून बसविलें आणि ‘संत तुकाराम’ लावला. ‘प्रभात’चा १९३६ सालचा हा बोलपट त्यांनीं बालपणीं सांगलीस तंबूंत पाहिला होता. गंमत अशी कीं, त्या काळचा ध्वनि एकेरी. यंत्रानें तो जवळजवळ सगळा मधल्याच स्पीकरकडे वळविला, आणि आम्हीं अंश मोजून मांडलेले बाकीचे चार मुकाट राहिले. थोड्या वेळानें आप्पा पुढचें वाक्य आधींच पुटपुटूं लागले. आम्ही यंत्राकडे हात नेला तेव्हां म्हणाले, “अरे, आवाज वाढवूं नकोस. येतें आहे ऐकूं.”

आमच्या परिषदेनें त्यानंतर एक ठराव केला आहे. घरांत कांहींहि नवें आलें कीं प्रथम आप्पांना विचारावयाचें, तुम्ही कोठें बसणार? ठराव एकमतानें पास झाला. परंतु अडीच महिने आम्ही त्यांना विरक्त समजत होतों, आणि ते पलीकडच्या खोलींत एकटे बसून होते, याची रुखरुख आमच्या मनांतून अजून गेलेली नाहीं.