ढग जिथे अडतात, तिथवर सायकलने

दोस्तांनो, एक सोपा प्रश्न विचारू? पावसाळ्यात रत्नागिरीला छत्री उघडी ठेवून ठेवून लोक कंटाळतात आणि त्याच दिवसांत मंगळवेढ्याचे शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतात. असं का बरं?

तुमच्यापैकी पाचवीच्या पुढचा कोणीही चटकन सांगेल, "मंगळवेढा पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो म्हणून!" शाब्बास. भूगोलाच्या पेपरात या उत्तराला दोन गुण नक्की मिळतील. पण ही पर्जन्यछाया कधी पाहिलीय? ती कुठे सुरू होते, कुठे संपते? एसटीत खिडकीशी डुलक्या घेत गेलात, तर ती कळायची नाही. मोटारीतून तर मुळीच नाही. ती पाहायची असेल तर सायकल काढावी लागते. चला तर, आज आपण मंगळवेढ्याहून निघू आणि थेट समुद्र गाठू. मध्ये सह्याद्री आहे, आणि सह्याद्रीत आहे आंबा घाट.

रस्ता अगदी सरळ आहे. सोलापूर ते रत्नागिरी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 166 मंगळवेढ्यावरूनच जातो. सांगोला, नागज, कवठे महांकाळ, मिरज, कोल्हापूर, मलकापूर, आंबा, साखरपा आणि मग रत्नागिरी. सगळं मिळून सुमारे 300 किलोमीटर. रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर धरले, तर चार दिवसांचं काम.

निघण्याआधी मंगळवेढ्याची थोडी ओळख करून घेऊ. हे संतांचं गाव. पंढरपूर इथून जेमतेम 25 किलोमीटरवर. संत चोखामेळा इथलेच. गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली 1338 मध्ये त्यांचा अंत झाला. संत कान्होपात्राही इथलीच. आणि दामाजीपंतांची गोष्ट तर तुम्ही आजीकडून ऐकलीच असेल. पंधराव्या शतकात, बिदरच्या बहामनी राजवटीत दामाजीपंत इथे कारभार पाहत. मोठा दुष्काळ पडला. माणसं अन्नावाचून तडफडू लागली. कोठारात धान्य होतं, पण ते बादशहाचं! दामाजीपंतांनी पुढचा विचार केला नाही, कोठारं उघडली आणि धान्य लोकांना वाटून टाकलं. पुढे विठोबाने विठू महाराचं रूप घेऊन त्या धान्याची किंमत बादशहाकडे भरली, असं परंपरा सांगते.

या गोष्टीतला दुष्काळ मात्र नुसता गोष्टीतला नाही, बरं का. मंगळवेढ्याला वर्षाकाठी साधारण 500 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही लहरी. तालुक्याच्या दक्षिण भागातल्या गावांनी तर पाण्यासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली. त्यांच्यासाठीच मंगळवेढा उपसा सिंचन योजना आखली गेली. तेव्हा "ढग कुठे अडतात?" हा प्रश्न इथल्या मुलांसाठी निव्वळ परीक्षेतला नाही. तो घरातल्या हंड्याचा प्रश्न आहे.

निघायचं कधी? डिसेंबर-जानेवारीत. पावसाळ्यात घाटात धुकं असतं, रस्ता निसरडा होतो, दरडी कोसळतात. तेव्हा सायकलने जाणं म्हणजे धाडस नव्हे, वेडेपणा. हिवाळ्यात पाऊस दिसणार नाही, पण पावसाच्या खुणा दिसतील. त्याच आपल्याला शोधायच्या आहेत. गुप्तहेरासारख्या!

पहिली खूण मंगळवेढ्यातच आहे. जुनी घरं पाहा. वर सपाट मातीचं छत, म्हणजे माळवद. उन्हाळ्यात त्यावर झोपावं, धान्य वाळत घालावं. असं छप्पर कुठे परवडतं? जिथे पाऊस कमी तिथेच. दुसरी खूण पायाखाली. ही खोल काळी माती पावसाचं पाणी पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर मालदांडी ज्वारी येते. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे पाऊस सरत आल्यावर! नंतर थेंब पडला नाही तरी ज्वारी तग धरते. म्हणून तर मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. 2016 मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. आपण निघू तेव्हा कणसात दाणे भरलेले असतील. एखाद्या शेतात हुरड्याची आगटी पेटलेली दिसली, तर अर्धा तास थांबायला हरकत नाही. मात्र सायकल शेतात घालू नका. काळी माती ओली असेल तर चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी घट्ट बसते, की काडीने खरवडता खरवडता नाकी नऊ येतात.

पहिल्या दिवशी सुमारे 30 किलोमीटरवर सांगोला लागतं. इथल्या डाळिंबांच्या बागा प्रसिद्ध. पुढे माळरान सुरू होतं. झाडं कमी, वारा फार. आणि मग येतो आपल्या सफरीतला पहिला घाट, नागजचा. सह्याद्रीच्या घाटांपुढे तो अगदीच धाकटा भाऊ. पण पाय मात्र त्याची नोंद घेतात!

इथे गिअरची गंमत समजून घेऊ. समजा, पॅडलजवळच्या चक्राला 44 दाते आहेत आणि मागच्या चक्राला 22. पॅडल एकदा फिरवलं की मागचं चाक दोनदा फिरणार. चाकाचा एक फेरा साधारण दोन मीटरचा, म्हणजे सायकल चार मीटर पुढे. सपाटीवर झकास. पण चढावर तेच पॅडल दगडासारखं जड होतं. आता पुढे 22 दाते आणि मागे 33 असले तर? एका फेऱ्यात चाक फक्त दोन तृतीयांश फिरेल. सायकल सव्वा-दीड मीटरच सरकेल, पण पॅडल हलकं लागेल. चढ तेवढाच राहतो. आपण तो लहान लहान घासांत खातो, इतकंच. आणि तुमची सायकल बिनगिअरची असेल तर? खाली उतरा आणि हातात धरून चाला. त्यात काहीही कमीपणा नाही.

मुक्काम कवठे महांकाळला. दुसऱ्या दिवशी मिरज. सतार आणि तंबोरे घडवणाऱ्यांचं हे गाव. मिरजेच्या पुढे अंकलीजवळ कृष्णेचा पूल लागला की पुलाच्या कडेला सुरक्षित जागा पाहून जरा थांबा. कालपासून पाहिलेल्या कोरड्या ओढ्यांनंतर हे एवढं पाणी! दोन्ही तीरांना ऊसच ऊस. पाऊस इथेही फारसा नाही, मग हे पाणी आलं कुठून? महाबळेश्वरच्या डोंगरातून. मंगळवेढा तालुक्याच्या कडेने जाणारी भीमाही अशीच भीमाशंकरच्या डोंगरातून येते. म्हणजे पाहा, सह्याद्री ढग अडवतो हे खरं, पण नद्यांच्या हाती त्यातलं थोडं पाणी परतही पाठवतो. त्याला अगदीच कंजूष म्हणून चालणार नाही!

दुसरा मुक्काम कोल्हापूर. तिसऱ्या दिवशी पंचगंगा ओलांडून रत्नागिरीच्या रस्त्याला लागायचं. वाघबीळाशी पन्हाळ्याचा फाटा फुटतो. याच मुलखातून 1660 च्या जुलै महिन्यात, भर पावसाच्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले होते आणि बाजीप्रभूंनी खिंड लढवली होती. आपण हिवाळ्यात डांबरी रस्त्याने चाललो आहोत, तरी दम लागतो. त्या मावळ्यांचं काय झालं असेल, ते आता थोडं थोडं कळू लागेल.

आता डोळे उघडे ठेवा. बांबवडे, मलकापूर मागे पडू लागलं की खुणा भराभर बदलतात. काळी माती गेली, तांबडी आली. ज्वारी गेली, भाताची खाचरं आली. माळवदं केव्हाच नाहीशी झाली, घरांना उतरती कौलं आली. झाडांच्या खोडांवर वाळलेलं शेवाळ दिसतं. आणि आंब्याला पोहोचेपर्यंत तर दोन्ही बाजूंना दाट जंगल! संध्याकाळच्या आत मुक्कामाला पोहोचा, कारण या भागात गवे आहेत आणि रस्ता त्यांचाही आहे.

सायकलच्या तीन दिवसांत आपण जणू पावसाचा आलेख चाकाखाली घातला. कमी पाऊस, मध्यम पाऊस, धुवाधार पाऊस.

चौथ्या दिवशी एक आश्चर्य. घाट चढायची तयारी करून तुम्ही निघाल, आणि पाहाल तर रस्ता चढतच नाही. तो सरळ खाली उतरतो! कारण मंगळवेढा मुळातच दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. आंबा 600 मीटरहून उंच. म्हणजे तीन दिवसांत हळूहळू आपण घाटमाथ्यावर आलोच आहोत. देशावरून कोकणात जाताना घाट हा उतारच असतो.

उतार म्हणजे मज्जा, असं वाटलं ना? इथेच खरी परीक्षा. ब्रेक सतत दाबून धरू नका. घर्षणाने रिम आणि ब्रेकचे रबर तापतात आणि ऐन वळणावर पकड सैल होते. दोन्ही ब्रेक मिळून थोडे दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नव्हे. आपली बाजू सोडू नका, समोरून अवजड ट्रक येतात. हेल्मेट हवंच. आणि आई-बाबांनो, ही सूचना तुमच्यासाठी. मुलांना या रस्त्यावर एकटं सोडू नका. तीन-चार मोठी माणसं, मागे एखादी गाडी आणि फक्त दिवसाउजेडी प्रवास, एवढं पाळाच. तुम्हीही सायकल काढलीत तर उत्तमच!

दरीच्या कठड्याशी थांबून पश्चिमेकडे पाहा. पावसाळ्यात समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे या भिंतीवर आदळतात. पुढे जायला वाट नाही, म्हणून वर चढतात. दर शंभर मीटरला हवा साधारण अर्धा ते एक अंशाने थंड होते. थंड हवेला तेवढं बाष्प पेलत नाही. ते पावसाच्या रूपाने ओतून टाकावं लागतं. भिंत चढून वारा पलीकडे उतरतो, तेव्हा त्याच्यापाशी फारसं काही उरलेलं नसतं. तोच वारा मग मंगळवेढ्याला पोहोचतो.

साखरपा, नाणीज, पाली, हातखंबा करत रत्नागिरीला पोहोचलात की समुद्रात पाय बुडवा. पूर्वी याच समुद्राचं मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जाई आणि देशावरचं धान्य घाट उतरून खाली येई. कोकणाला दाणे हवेत, देशाला मीठ हवं. घाटवाटा म्हणजे या दोघांचा जुना शेजारधर्मच.

तुम्ही म्हणाल, एवढा प्रवास आम्हाला जमेल? 1923 मध्ये मुंबईचे सहा तरुण सायकलने जगप्रवासाला निघाले. त्यांतल्या तिघांनी तो 1928 मध्ये पुरा केला. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे 4800 किलोमीटरची शर्यत दोघांत मिळून नऊ दिवसांच्या आत पार केली. वाटेत रॉकी पर्वताचे घाट होते. पुण्याची वेदांगी कुलकर्णी 2018 मध्ये विशीच्या आसपास असताना सायकलने पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. ही सगळी मंडळी पहिल्या दिवशी आपल्या गल्लीतूनच निघाली होती. तुम्ही आधी पंढरपूरपर्यंत जाऊन या. 25 किलोमीटर जाणं, 25 येणं. ते जमलं की पुढचं पाहू.

आणि हो, खरा घाट अजून राहिलाच आहे. परतीचा! किनाऱ्यापासून आंब्यापर्यंत 600 मीटरहून जास्त उंची. कुतुबमिनार 73 मीटरचा. असे आठ मिनार एकावर एक रचले तरी थोडं कमीच पडेल. साखरप्यात पाण्याच्या बाटल्या काठोकाठ भरून घ्या आणि चढू लागा. एका वळणावर घोट, दुसऱ्या वळणावर घोट. घाम गळतोय, अंग तापलंय, सायकल कधी पायाखाली तर कधी हातात. अखेर घाटमाथा येतो. तुम्ही बाटली तोंडाला लावता, आणि ती रिकामी!

तेव्हा हसू नका आणि रडूही नका. बाटलीकडे नीट पाहा. समुद्राकडून भरून निघाली, डोंगर चढताना रिती झाली. मंगळवेढ्याच्या वाट्याला येणाऱ्या ढगाचंही नेमकं हेच होतं.

आंब्यात पाणी मिळेल, बाटली पुन्हा भरून घ्या. ढगाला तशी सोय नसते. म्हणून घरी पोहोचल्यावर, हात-पाय धुताना, नळ जरा हलकाच सोडा.