पर्यटक कोणाला म्हणायचे, हे कोण ठरवणार?

पर्यटनावर संशोधन करणाऱ्या विद्वानांच्या संस्था जगभर आहेत. ट्रॅव्हल अँड टुरिझम रिसर्च असोसिएशन १९७० मध्ये सुरू झाली. 'अ‍ॅनल्स ऑफ टुरिझम रिसर्च' हे नियतकालिक १९७३ पासून निघते. आंतरराष्ट्रीय समाजशास्त्र संघटनेत पर्यटनासाठी स्वतंत्र संशोधन समिती आहे. अशा संस्थांत नवे नेतृत्व आले की प्राधान्यक्रम जाहीर होतात. शाश्वत पर्यटन, कृत्रिम बुद्धिमत्ता, उद्योगाशी भागीदारी, तरुण संशोधकांना संधी हे विषय त्यात हमखास असतात. त्यात वाईट काही नाही. पण भारतात पर्यटन संशोधनाची धुरा ज्यांच्या हाती येईल, त्यांनी आधी एका जुन्या प्रश्नाला हात घालावा, असे आमचे म्हणणे आहे. पर्यटक कोणाला म्हणायचे आणि ते कोण ठरवते?

काही मित्र विचारतील, आंबेडकरी कार्यकर्त्यांनी यात कशाला पडायचे? आपल्यापुढे शिष्यवृत्तीचा प्रश्न आहे, अत्याचाराच्या केसेस आहेत, खासगीकरण आहे. मान्य. पण संशोधनातून आकडे तयार होतात, आकड्यांवर धोरण ठरते आणि धोरणावर निधी ठरतो. महाराष्ट्राच्या २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटींची खासगी गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार असे उद्दिष्ट आहे. आमच्या नवी मुंबईत ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. आता हॉटेले येतील, जेट्ट्या येतील, 'सर्किट' येतील. या सगळ्यात आपण कोण असणार? पाहुणे, मार्गदर्शक, संशोधक, की फक्त झाडूवाले?

पर्यटन आणि जात यांचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांनी बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचावे. १९३४ मध्ये बाबासाहेब चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. आजच्या भाषेत ही ग्रुप टूर होती. वाटेत ते दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी दारातल्या हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यात हौद बाटवला म्हणून ओरडा झाला, जमाव जमला आणि शिव्याशाप सुरू झाले. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती एका अटीवर, आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही. ती अट पाळली जाते की नाही हे पाहायला सोबत हत्यारबंद शिपाई दिला गेला. ओरडणारे मुसलमान होते. जातीची सावली एकाच धर्मापुरती थांबत नाही, हेच बाबासाहेबांना त्यातून दाखवायचे होते.

जॉन अरी या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९९० मध्ये 'पर्यटकाची नजर' ही कल्पना मांडली. पर्यटक कसे पाहतो आणि त्याची नजर कशी घडवली जाते, याचा तो अभ्यास. एम.ए.ला आम्ही तो वाचला आणि दौलताबाद आठवले. तिथे किल्ला पाहायला आलेल्या माणसांवरच पहारा होता. ज्या पर्यटकाकडे लोक संशयाने बघतात, त्याचा सिद्धांत कोण लिहिणार?

आता मोजणीकडे या. संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येनुसार नेहमीच्या परिसराबाहेर जाऊन किमान एक रात्र राहणारा, वर्षापेक्षा कमी काळ थांबणारा आणि तिथे नोकरीसाठी न आलेला माणूस पर्यटक असतो. धार्मिक हेतूने केलेला प्रवासही त्यात धरला आहे. म्हणजे ५ डिसेंबरला मराठवाड्यातून, विदर्भातून येऊन शिवाजी पार्कच्या मंडपात झोपणारा प्रत्येक माणूस व्याख्येप्रमाणे पर्यटक आहे. मात्र पर्यटन मंत्रालयाची राज्यवार आकडेवारी मुख्यतः हॉटेले आणि निवासाच्या ठिकाणांकडून येणाऱ्या माहितीवर उभी असते. मंडपात झोपणाऱ्याची नोंद कोणत्या रजिस्टरात होणार? राष्ट्रीय नमुना पाहणीने २००८-०९ आणि २०१४-१५ मध्ये घरोघरी जाऊन प्रवासाची माहिती घेतली होती. घरी जाऊन विचारले तर आमची आजी दिसते. हॉटेलात जाऊन मोजले तर ती गायब होते.

आम्ही दरवर्षी वस्तीतल्या मुलामुलींना घेऊन दादरला पाणी वाटपाच्या स्टॉलवर उभे राहतो. हिंगोलीकडून आलेल्या एका आजीच्या पिशवीत येताना भाकरी आणि ठेचा होता. जाताना त्यात नातवासाठी पुस्तक, दिनदर्शिका आणि बाबासाहेबांची तसबीर होती. प्रवासाच्या खर्चात पुस्तक हा ठळक भाग असलेले पर्यटन जगात किती ठिकाणी सापडेल? हा तर संशोधकांना पर्वणी वाटावा असा विषय आहे. पण इथल्याच एका पर्यटन परिषदेत आम्ही तो मांडला, तेव्हा व्यासपीठावरून उत्तर आले, "ते भाविक आहेत, पर्यटक नाहीत." त्याच परिषदेत शिर्डी आणि पंढरपूरवरचे निबंध 'धार्मिक पर्यटन' या सत्रात वाचले गेले होते.

दुसरा प्रश्न इतिहास सांगण्याचा. नाशिकची त्रिरश्मी बौद्ध लेणी अजूनही 'पांडवलेणी' या नावाने पर्यटकाला दाखवली जातात. लेण्याद्रीला अष्टविनायकांपैकी एक म्हणून गर्दी होते, पण ते मंदिर बौद्ध लेणीत आहे हे किती जणांना सांगितले जाते? विमानतळाच्या जागेत आलेल्या वाघिवलीच्या केरुमाता लेणीसाठी, ती बौद्ध लेणी आहे असे म्हणत आपले लोक रस्त्यावर उतरले. पाटीवरचे नाव आणि गाईडच्या तोंडची गोष्ट यांतूनही वारसा हिरावला जातो. हे तपासणे संशोधकाचे काम नाही काय?

तिसरा प्रश्न श्रमाचा. आमच्या शेजारच्या घारापुरी बेटाला १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बेटावरच्या गावांत समुद्राखालच्या केबलने वीज आली ती २०१८ मध्ये. एकतीस वर्षे जग तिथली शिल्पे पाहून परत जात होते आणि गावकरी अंधारात होते. लेण्यांच्या पायऱ्यांवरून पर्यटकांना डोलीत बसवून नेणारे खांदे आजही माणसांचेच आहेत. त्या खांद्यांना काय मिळते, शौचालये कोण साफ करतो, कायम नोकरी कोणाला आणि कंत्राट कोणाला, याचा हिशेब लागल्याशिवाय 'शाश्वत पर्यटन' हा शब्द पोकळ आहे.

म्हणून पर्यटन संशोधनाच्या संस्थांमधील नव्या नेतृत्वापुढे आमच्या चार मागण्या आहेत. पहिली, चैत्यभूमी, दीक्षाभूमी, महाड आणि भीमा कोरेगाव इथल्या प्रवासाचा दरवर्षी शास्त्रीय अभ्यास करा. दुसरी, पर्यटनाच्या प्रत्येक पाहणीत जात आणि श्रम यांचे रकाने ठेवा. तिसरी, पंचतारांकित हॉटेलातल्या परिषदेचे प्रवेशशुल्क वस्तीतल्या विद्यार्थ्याला परवडत नाही. त्याला सवलत द्या आणि मराठीतला निबंध दुय्यम मानू नका. चौथी, कार्यकारिणीत आम्हाला जागा द्या. विषय कार्यकारिणी निवडते. श्रोत्यांत बसून विषय बदलत नाही.

मागण्या करून आपण मोकळे होऊ शकत नाही. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेब सत्तावीस वर्षांचे होते. लेखी निवेदन, आकडे आणि युक्तिवाद घेऊन ते गेले होते. आपल्यात आज समाजशास्त्र, अर्थशास्त्र, समाजकार्य शिकलेली शेकडो मुले-मुली आहेत. येत्या ६ डिसेंबरला झेंडा आणि पाण्याच्या बाटलीबरोबर दहा प्रश्नांचा एक साधा फॉर्म घेऊन जा. कुठून आलात, कसे आलात, किती रात्री राहिलात, कुठे झोपलात, किती खर्च झाला, कोणते पुस्तक घेतले, पाणी आणि शौचालय मिळाले का? नाव, पत्ता, फोन लिहून घेऊ नका. सगळ्यांनी एकच फॉर्म वापरा, म्हणजे बेरीज करता येईल. दर वर्षी तेच प्रश्न विचारा, म्हणजे तुलना करता येईल.

मग तो निबंध घेऊन परिषदेत उभे राहा. तिथे कुणी पुन्हा म्हणाले की ते भाविक आहेत, तर त्यांच्याच व्याख्येचे पान उघडून त्यांच्यासमोर ठेवा.

जय भीम!