भोक न पाडता बार

मंडळी, मथळा वाचून दचकू नका. 'बार' म्हणजे लटकायचा बार. आमच्या लहानपणी शाळेच्या मैदानावर दोन लोखंडी खांब पुरून त्यांवर आडवा पाइप टाकलेला असायचा आणि त्याला सगळे सिंगल बार म्हणायचे. शेजारी डबल बार. आता त्यालाच पुलअप बार म्हणतात, आणि तो घरात, दाराच्या चौकटीत बसतो. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर मला या विषयातलं काय कळतं, असं काही नातेवाइकांच्या मनात येईलच. पण गेला दीड महिना मी दुसरं काही केलेलं नाही, तेव्हा ऐका.

आमची जुनी सोसायटी पुनर्विकासाला गेली. त्यामुळे सध्या आम्ही पाच माणसं कोथरूडमध्ये भाड्याच्या दोन बेडरूमच्या घरात आहोत. अकरा महिन्यांचा करार, आणि त्यात मालकांनी एक कलम ठळक करून घेतलंय: भिंतीला, फरशीला, चौकटीला कुठेही ड्रिल मारायचं नाही. मारलं तर डिपॉझिटमधून कापणार. मालक माणूस वाईट नाही. आधीच्या भाडेकरूंनी हॉलची चाळण करून ठेवली होती म्हणे. आम्ही देवांच्या तसबिरीसुद्धा टेबलावर टेकवून ठेवल्यात.

अशा घरात नातीला बार हवा झाला. ती सतरा वर्षांची, बारावीत, आणि तिला खडकवासल्याला एनडीएत जायचंय. एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ साली दाखल झाली आणि त्यातल्या १७ जणी मे २०२५ मध्ये संचलन करून बाहेर पडल्या. ते संचलन नातीने किती वेळा पाहिलं असेल, देव जाणे. लेखी परीक्षा पार पडली तर पुढे एसएसबीचे पाच दिवस, आणि त्यात अडथळे पार करणंही असतं. पळायला ती टेकडीवर जाते, दम आहे. हातांत मात्र जोर नाही. एकही पुलअप निघत नाही. सोसायटीच्या आवारात बार नाही, जिमची फी आणि वेळ दोन्ही परवडत नाही, म्हणून घरात बार.

सूनबाई म्हणाली, "आई, तुम्हीच तिला चढवताय." आता खरं सांगायचं तर तिचं भांडण बारशी नव्हतंच. एकुलती एक मुलगी, आणि बार आला म्हणजे एनडीए आलं, असा तिचा हिशोब. मला तिचं म्हणणं अगदी कळतं. आईच्या पोटात जे होतं त्याला वादात हरवता येत नाही आणि हरवूही नये. पण मला आठवत होता आमच्या शाळेतला सिंगल बार. आम्हा मुलींना लेझीम होतं, डंबेल्स होते, खो-खो होता. बारला हात लावायची मुभा नव्हती. कोणी नियम केला होता असंही नाही. फक्त कोणी लावत नसे. आणि ही गोष्ट महाराष्ट्रातली, जिथे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब पुन्हा उभा केला आणि जिथे दोरीच्या मल्लखांबावर पोरी आज भल्याभल्यांना तोंडात बोट घालायला लावतात! असो. मी सूनबाईला एवढंच म्हटलं, की तो सुरक्षित आहे याची खात्री होईपर्यंत घरात येणार नाही, आणि ती खात्री मी करीन. मग लागले अभ्यासाला. चाळीस वर्षं वह्या तपासलेल्या बाईला दुसरं काय येतं?

ड्रिल न लागणारे बार मुख्यतः तीन तऱ्हेचे. पहिली तऱ्हा परदेशी व्हिडिओंत सारखी दिसते. चौकटीच्या वर मागच्या बाजूने एक पट्टी अडकवायची, पुढच्या बाजूचा दांडा चौकटीला टेकतो आणि आपलं वजनच त्याला घट्ट धरून ठेवतं. एक स्क्रू नाही. नातीला हाच हवा होता. मी टॉर्च आणि स्टूल घेऊन घरातली सगळी दारं पाहिली. (स्टुलावर नात चढली, मी नाही. मुलगा हे वाचतो म्हणून खुलासा.) अमेरिकेत दाराभोवती भिंतीच्या बाहेर आलेली जाड लाकडी पट्टी असते, तिच्या माथ्यावर हा बार बसतो. आपल्याकडे चौकट विटांच्या भिंतीत बसवलेली, आणि गिलावा तिच्याशी सपाट येऊन भिडलेला. अडकवायला कडाच नाही. काही घरांत पट्टी असते, पण ती गिलावा आणि लाकूड यांमधली फट झाकायला बारीक खिळ्यांनी ठोकलेली. शोभेची वस्तू. तिच्यावर माणूस लटकवायचा म्हणजे पडद्याच्या दांडीवर गादी वाळत घालण्यासारखं आहे. शिवाय भिंतीची जाडीही त्या बारच्या मापात बसावी लागते. ही तऱ्हा बाद.

दुसरी तऱ्हा स्टँडची. चार पायांचा लोखंडी सांगाडा, जमिनीवर उभा, चौकटीचा संबंध नाही. सर्वांत निर्धास्त हाच वाटतो. पण साधारण तीन बाय साडेतीन फूट जागा त्याला कायमची द्यावी लागते, आणि आमच्याकडे तेवढ्या जागेत सध्या जुन्या घरातली न उघडलेली खोकी आहेत. दुसरं म्हणजे पंखा. स्टँड सात-सव्वासात फुटांचा, बारवर हनुवटी आली की डोकं त्याच्याही वर, आणि आपल्या खोल्यांची उंची नऊ-साडेनऊ फूट. पंखा त्याहून फूटभर खाली लोंबतो. ज्यांच्याकडे गॅलरी किंवा रिकामी खोली आहे त्यांनी बेलाशक स्टँड घ्यावा. मात्र पाया रुंद आणि जड पाहा आणि खाली रबराची चटई टाका. फरशीवर हलका स्टँड नाचतो.

राहिला तिसरा, दांड्यात दांडा असलेला. दोन बाजूंना रबराच्या टोप्या. चौकटीत धरून फिरवला की लांब होतो आणि दोन्हीकडे दाबून बसतो. हा स्वस्त, हजार-दीड हजारांत मिळतो, आणि याच्याच सुटण्याच्या गोष्टी ऐकू येतात. ओळखीतल्या एका मुलाचा बार असाच सुटला. माकडहाडाला मार बसून महिनाभर तो पालथा झोपत होता.

म्हणून मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना फोन केला. सर ऐंशीच्या पुढे आहेत, पण प्रश्न ऐकताच आवाजात खडू आला. म्हणाले, "बाई, तो बार कशावरही ठेवलेला नाही. तो केवळ घर्षणावर उभा आहे. मुलीचं वजन किती?" मी सांगितलं ५२ किलो. "म्हणजे एकेका टोकावर २६. रबर आणि लाकूड यांचा घर्षणांक अर्धा धरा. मग २६ किलो पेलायला त्या टोकाने चौकटीला ५२ किलोच्या जोराने दाबलं पाहिजे. आणि ती झटक्याने लटकली तर दुप्पट धरा, शंभरच्या वर." मी वहीत लिहून घेतलं. मग सर म्हणाले ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं: "बार मोडेल का हे विचारू नका. तो जोर सोसायला तुमची चौकट तयार आहे का, हे विचारा."

तेव्हापासून मी चौकटींची परीक्षा घेऊ लागले. खोक्यावर लिहिलेला दोनशे-तीनशे किलोचा आकडा बारच्या पाइपाचा असतो, तुमच्या घराचा नाही. संडास-बाथरूमच्या चौकटी ग्रॅनाइटच्या, गुळगुळीत आणि ओल्या. शून्य मार्क. बेडरूमच्या दोन चौकटी नंतर कधीतरी बदललेल्या दिसतात. वरून छान सनमायका, पण नाण्याने ठोकलं तर आत पोकळ आवाज. दाब दिला की असली चौकट बाहेर सरकणार आणि बार सैल होणार. त्याही नापास. मुख्य दार भक्कम, पण त्याला उंबरा. उंबऱ्यावर पडणं म्हणजे वर सांगितलेल्या मुलाचंच प्रकरण, शिवाय सकाळी रांगोळीवर कोणी लोंबकळलेलं मला चालणार नाही.

पास झाली ती स्वयंपाकघराची चौकट. इमारत १९८८ ची, चौकट अस्सल सागवानी, नऊ इंची भिंतीत बसवलेली, ठोकल्यावर बद्द आवाज. दार कोणी तरी पूर्वीच काढून टाकलंय, पण दार बसायची खाच आहे. ती सोडून सपाट लाकूड पावणेचार इंच उरतं. हे मोजणं फार महत्त्वाचं. टोपी पूर्ण सपाट जागेवर बसली पाहिजे, अर्धी खाचेत लोंबकळता कामा नये. बिजागऱ्यांचे जुने खड्डेही चुकवायचे. दोन बाजूंमधलं अंतर ३३ इंच, म्हणजे ८४ सेंटिमीटर. बार असा निवडला की ८४ त्याच्या लांबण्याच्या सुरुवातीच्या भागात येईल. जितका जास्त ओढून लांब कराल तितका आतला दांडा बाहेरच्यात कमी उरतो आणि मध्ये वाकतो.

आणखी एक. साध्या बारमध्ये तो फिरवूनच घट्ट करायचा असतो, आणि लटकताना मनगट वळलं की तोच फिरून सैल होऊ शकतो. म्हणून फिरणं अडवणारी कळ असलेलाच घ्यावा. दुकानात गंमत अशी की 'ड्रिलची गरज नाही' असं मोठ्या अक्षरात छापलेल्या खोक्यांतून स्क्रू आणि लोखंडी वाट्या निघतात! त्या चौकटीला ठोकल्या की बार पक्का बसतो, हे खरंच आहे. स्वतःचं घर असेल तर जरूर ठोका. आम्हाला त्या पिशवीत बांधून ठेवाव्या लागल्या. आमचा बार तेराशेला आला.

तो आल्या दिवशी मी नातीला लटकू दिलं नाही. चौकट आणि टोप्या कोरड्या फडक्याने पुसल्या, कारण स्वयंपाकघराच्या चौकटीला वर्षानुवर्षांचा तेलकट हात असतो. बार लावला, दोन्ही टोकांखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारली. मग जुन्या नऊवारीची झोळी करून तिच्यात तांदळाच्या २५ किलोच्या दोन गोण्या टांगल्या आणि रात्रभर ठेवल्या. हे म्हणाले, "बारसं आहे का कुणाचं?" सकाळी रेघ आणि टोपी जिथल्या तिथे. अर्थात गोणी झटके देत नाही, म्हणून तेवढ्यावर विसंबलो नाही.

पहिले तीन आठवडे बार कमरेच्या उंचीवर होता. त्या बारचा हा फायदा कोणी सांगत नाही. पाय जमिनीवर, अंग तिरकं मागे टाकून छाती बारकडे ओढायची. सुटला तरी दीड-दोन फुटांवरून गादीवर पडणार. हात तयार होतात आणि चौकटीचीही परीक्षा होते. मग वर लावला, पण उडी मारून धरायचा नाही. स्टुलावर उभं राहून धरायचा आणि वजन हळू सोडायचं. आधी नुसतं लटकणं. नंतर स्टुलावरूनच हनुवटी वर आणून सावकाश खाली उतरणं. वर चढण्याआधी उतरायला शिकायचं असतं, हे मला नवीन होतं.

रोज संध्याकाळी बार काढून ठेवायचा, हा माझा नियम. रात्री पाणी प्यायला मी त्याच दारातून अंधारात जाते. त्यामुळे रोज सकाळी तो नव्याने लागतो, टोप्या पुसल्या जातात आणि रेघा पाहिल्या जातात. दहाव्या दिवशी उजवी टोपी रेघेच्या जराशी खाली दिसली. त्या दिवशी सुट्टी. टोपीवर तेल आलं होतं. साबणाने धुऊन वाळवली आणि दुसऱ्या दिवशी आधी पुन्हा गोण्या.

सूनबाईचं मत बदललंय असं मी म्हणणार नाही. फॉर्मचा विषय निघाला की ती अजून उठून जाते. पण बार तिच्याच स्वयंपाकघराच्या दारात, आणि नात लटकते ती नेमकी पोळ्यांच्या वेळी. परवा मी घड्याळ धरायला विसरले, तर आतून, लाटणं न थांबवता, आवाज आला, "एकतीस झाले." आईने मोजलेलं कळल्यावर पोरगी अजून चार सेकंद टिकली.

पूर्ण पुलअप अजून निघालेला नाही. कपाळ बारपर्यंत येतं आणि तिथे अडतं. एप्रिलच्या आत निघेल असा तिचा अंदाज आहे, मी काही बोलत नाही.

दरम्यान नव्या इमारतीच्या सोयींचं पत्रक आलंय. मॉड्युलर किचन, व्हिडिओ डोअर फोन, काय काय आहे. दारांच्या चौकटी कसल्या आणि भिंती किती इंची, ते मात्र कुठे लिहिलेलं नाही. मी बिल्डरच्या ऑफिसात पत्र दिलंय, पोच घेतलीय. तिथल्या मुलाने दोनदा विचारलं, "आजी, नक्की चौकटीच म्हणायचंय ना तुम्हाला?" उत्तर अजून यायचंय.